देवनारचा जीवसमाज

राजवंशांचे इतिहास लिहिले जातात, नगरांचे लिहिले जातात, अलीकडे धंद्यांचे व जातींचेही लिहिले जाऊ लागले आहेत. परंतु एखाद्या भूभागावर पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलेल्या वृक्षांचा, पशुपक्ष्यांचा व सूक्ष्म जंतूंचा इतिहास लिहावा, असे आपल्याकडे फारसे कोणास वाटलेले नाही. हा वर्ग इतिहासाबाहेरचा आहे, अशी आपली एक समजूत आहे. राज्ये येतात आणि जातात, पण घार उंदरावर झडप घालते ती शिवकालात घालीत असे तशीच आजही घालते; मग त्यात इतिहास तो कसला, असे सहज विचारले जाते. आम्हांस ही समजूत बरोबर वाटत नाही. कोणता जीव कोठे राहील, काय खाईल, कोणाच्या आश्रयाने वाढेल व कोणापायी नाहीसा होईल, हे पुष्कळ वेळा नगरपालिकेच्या ठरावांनी, आगगाडीच्या रुळांनी आणि औषधाच्या कुपीनेही ठरत असते. या विधानाची प्रचीती पाहावयाची तर मुंबईच्या पूर्व उपनगरांतील देवनारकडे जावे.

चेंबूर आणि मानखुर्द यांच्या मधल्या टापूत, ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम काठाला लागून देवनार आहे. मुंबईकरांच्या मनात या नावाबरोबर दोन गोष्टी उभ्या राहतात: एक कचऱ्याचा डोंगर व दुसरी पशुवधगृह. महानगरपालिकेच्या कागदांत पहिल्या जागेस क्षेपणभूमी म्हणतात, लोकांच्या तोंडी ती नुसती ‘डंपिंग’ आहे. तिचे क्षेत्र सुमारे १३२ हेक्टर असून तिचा आरंभ १९२७ सालापासून गणण्यात येतो. याच १९२७ साली इंग्लंडात चार्ल्स एल्टन या तरुण प्राणिशास्त्रज्ञाचा प्राण्यांच्या परिस्थितिविज्ञानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘अन्नसाखळी’ ही कल्पना त्या ग्रंथाने शास्त्रात रूढ केली. आणि प्रत्येक प्राण्याचे आपल्या समाजात एक ठराविक स्थान, म्हणजे जणू एक धंदा असतो, हेही त्यात मांडले. त्यापूर्वी पन्नास वर्षे, १८७७ साली, कार्ल मोबियस या जर्मन पंडिताने कालवांच्या खडकांचा अभ्यास करून असे दाखविले होते की, एका जागी राहणारे नाना जातींचे जीव हा एक परस्परावलंबी समाज असतो, व त्यातील एकाची संख्या घटली वा वाढली की सर्वांचेच गणित बदलते. मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या जुन्या गावगाड्यात प्रत्येक बलुतेदाराचे काम ठरलेले असे आणि त्या कामाच्या बळावरच त्याचा वाटा ठरे. जीवसमाजाची घडी बरीचशी तशीच असते. मात्र हे साम्य कोठपर्यंत ताणावे, याचा विचार आम्ही पुढे करणार आहोत. कारण या लेखाचा खरा प्रश्न तेथेच आहे.

कचरा येण्यापूर्वी येथे खाजण होते. भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा आत यावे व ओहोटीस चिखल उघडा पडावा, अशी ही भूमी. तीवर तिवरांचे राज्य असे. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो; म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीप्रमाणे चिखलातून वर डोके काढून हवा घेतात, आणि शोषलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकले जाते. गळलेली पाने चिंबोऱ्या व इतर खेकडे फाडून खातात, उरलेली बुरशी व जंतू कुजवितात, आणि त्या कुजलेल्या कणांवर कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात. खेकड्यांच्या बिळांवाटे चिखलात हवा खेळते, तिचा लाभ पुन्हा तिवरासच होतो. पाण्यात व पाण्याबाहेर सारख्याच सहजतेने वावरणारी निवटी या चिखलावर उड्या मारते, तिच्यावर बगळा टपलेला असतो, आणि दोघांनाही चुकवून जे खाडीत जाते ते कोळ्यांच्या जाळ्यात येते. या समाजात फुकट जाणारे असे काही नाही. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे ताट.

या खाजणावर शहराची दृष्टी वळली ती एका महामारीमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढे काही वर्षे या रोगाने शहरास व इलाख्यास पछाडले. त्या काळी रोगाचे मूळ घाणीत, दूषित हवेत व दाटीवाटीत आहे असे मानून घरे धुतली गेली, सामान जाळले गेले, माणसे बळजबरीने हलविली गेली. खरे कारण मात्र चार जीवांच्या परस्परसंबंधांत दडले होते: एक जंतू, एक पिसू, एक उंदीर व एक मनुष्य. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदराकडून उंदराकडे पिसवेमार्फत जातो असे प्रयोगाने दाखविले. आरंभी त्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. १९०५ पासून प्लेग संशोधन मंडळाने मुंबईत मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवण्यात आले. ज्यांच्यापर्यंत पिसवा पोहोचू शकत होत्या त्यांस रोग जडे, आणि ज्यांच्यापर्यंत त्या पोहोचू शकत नव्हत्या ते बहुधा वाचत. तेव्हा संशय उरला नाही.

या शोधातील एक बारकावा आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. उंदीर जिवंत आहे तोवर त्याची पिसू मनुष्याच्या वाटेस सहसा जात नाही. उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, की ती उबदार अंगाच्या शोधात निघते, आणि तेव्हा तिला जवळचे अंग सापडते ते घरातल्या माणसाचे. अर्थात नुसते उंदीर मारीत सुटणे आणि पिसवांचा विचार न करणे, हा रोग आटोक्यात आणण्याचा नव्हे, त्याला मनुष्याच्या अंगावर सोडण्याचा मार्ग होता. एखाद्या समाजातून एक घटक उचलला तर त्याच्या आधारावर जगणारे कोठे जातील, हा प्रश्न मुंबईने तेव्हा फार मोठी किंमत देऊन शिकून घेतला. तो पुढे तिच्या कितपत ध्यानात राहिला, हे आता पाहावयाचे आहे.

प्लेगनंतर शहराचा कचरा वस्तीपासून दूर नेणे निकडीचे झाले, व तो आगगाडीने चेंबूरकडच्या खाजणांत जाऊ लागला. कुर्ला-चेंबूर हा लोहमार्ग उतारूंसाठी खुला झाला तो १९२४ साली. माणसांच्या आधी तेथे कचऱ्याने प्रवास केला होता. तिवरांच्या चिखलावर भर पडत गेली, भरीचे ढीग झाले, ढिगांचे डोंगर झाले, आणि त्यांवर एक नवा जीवसमाज वसला.

हा समाज दुरून पाहणाऱ्यास नुसता गोंधळ वाटतो. परंतु थोडे लक्ष दिल्यास त्यातही कामांची वाटणी दिसते. कावळा शिळी पोळी व उष्टे वेचतो. घार मांसाचा तुकडा जमिनीवर फारसे न टेकता पंज्यात उचलून नेते. हिवाळ्यात तिच्या सोबतीस उत्तरेकडून स्थलांतर करून आलेल्या घारीही असतात. गायबगळा कचऱ्यापेक्षा किड्यांकडे अधिक पाहतो. म्हशीच्या पायांनी गवतातले टोळ-किडे उठावेत आणि त्याने ते टिपावेत, ही त्याची परंपरागत रीत. येथे म्हशीची जागा कचरा सारणाऱ्या यंत्राने घेतली, आणि बगळ्याने आपली रीत न बदलता यंत्रामागे चालणे पत्करले. घुशी व उंदीर ढिगाच्या आत राहतात. कुत्री दिवसा ढिगावर व रात्री वस्तीत असतात. या सर्वांच्या खाली, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे असंख्य जंतू सेंद्रिय कचरा कुजवून मिथेन वायू निर्माण करतात. खाजणातही जंतू हेच काम करीत होते. परंतु तेथे त्यांच्यावर भरतीचे पाणी होते, येथे शहराने टाकलेले प्लॅस्टिक, कापड व लाकूड आहे. तो वायू पेट घेतो. जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतूनही दिसला, आणि आसपासच्या महापालिका शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

१९७१ साली वांद्र्याचा जुना कत्तलखाना देवनारास आला आणि या समाजात आणखी एक मोठे अन्नसत्र उघडले. येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न यावा: मृत जनावरांवर ज्याचा पहिला हक्क, तो गिधाडपक्षी कोठे आहे? एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हा मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. त्याने १९०० साली मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात गिधाडांस मानाचे स्थान आहे. मलबार टेकडीवरील डुंगरवाडीत पारशी समाजाच्या अंत्यविधीचा आधारच गिधाडांवर होता. आज देवनारच्या आकाशात घारी घिरट्या घालताना दिसतात; गिधाड दिसत नाही.

त्याच्या नाहीसे होण्याची कथा ही उंदीर आणि पिसू यांच्या कथेची दुसरी आवृत्ती आहे. १९९० नंतरच्या काळात गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे स्वस्त वेदनाशामक सर्रास दिले जाऊ लागले. असे औषध दिलेले जनावर मेले आणि ते गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात ही घट प्रथम नोंदविली. कारण मात्र २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उघडकीस आले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा ९९.९ नाहीशी झाली. २००६ साली गुरांसाठी या औषधास बंदी झाली, पण तोवर बहुतेक सारे संपले होते. गुरे बरी करण्याचा हेतू चांगला होता. गुरांच्या पलीकडे त्यांच्यावर कोण जगते, हे कोणी विचारले नव्हते.

गिधाडाची जागा रिकामी झाली, पण त्याचे अन्न उरले. ते कुत्र्यांनी व उंदरांनी वाटून घेतले. हा बदल वरवर क्षुल्लक दिसतो, पण तसा तो नाही. गिधाडाच्या जठरातील तीव्र आम्लात रोगजंतूंचा बराचसा नाश होतो. कुत्रा मात्र स्वतःच रेबीजचा वाहक आहे. इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे ५ लाख माणसे अधिक मेली. ही साखळी देवनारच्या दारापर्यंत येऊन पोहोचते. खाडीकाठच्या तिवरांत आजही कोल्हे आहेत. २०२४ साली चेंबूर-ट्रॉम्बे परिसरात सापडलेल्या कोल्ह्यांपैकी काहींस रेबीज झाल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. तिवरातला कोल्हा आणि वस्तीतला कुत्रा यांचे रान आता एक झाले आहे, हेच त्याचे कारण दिसते.

या उदास वृत्तांतात एक विलक्षण अपवाद आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत शिवडी-माहुलच्या चिखलावर व पुढे साऱ्या ठाणे खाडीत रोहित पक्षी हजारोंनी उतरू लागले. त्यांत बहुसंख्य छोटे रोहित असतात. हा पक्षी आपली वाकडी चोच पाण्यात उलटी धरून नीलहरित शेवाळ गाळून खातो. आणि असे शेवाळ वाढते ते सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर. म्हणजे ज्या मलिन पाण्याने खाडीतल्या मासळीची दैना केली, त्यानेच या गुलाबी पाहुण्यांचे ताट मांडले. २०१९ च्या गणनेत त्यांची संख्या सुमारे १ लाख २० हजार भरली. २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसर करारातील पाणथळींच्या यादीत गेली. यावरून घाण हितकर असते असा निष्कर्ष कोणी काढू नये. पाणी आणखी बिघडले तर शेवाळही टिकणार नाही, आणि कोळ्याचे जे गेले ते रोहिताने भरून येत नाही. जीवसमाजात एकाच घटनेचे लाभ एकास व हानी दुसऱ्यास होते. म्हणून कोणाचा हिशेब मांडला आणि कोणाचा मांडावयाचा राहिला, हे नेहमी विचारावे लागते.

आता ज्याचा हिशेब सर्वांत शेवटी मांडला जातो, त्या प्राण्याकडे वळू. तो मनुष्य होय. डोंगराच्या पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगणवाडी या वस्त्यांतून राहणारी हजारो माणसे या कचऱ्यातून प्लॅस्टिक, काच, लोखंड व चिंध्या वेचून पोट भरीत आली आहेत. शहर जे टाकते त्यातला पुष्कळ भाग त्यांच्या हातांमुळे पुन्हा भट्टीत व कारखान्यात जातो. परिस्थितिविज्ञानाच्या रूक्ष भाषेत कोणी असे म्हणू शकेल की, या जीवसमाजात त्यांचेही एक स्थान आहे, व ते उपयुक्त आहे. नेमक्या याच ठिकाणी वर सांगितलेले बलुत्यांचे साम्य आम्ही थांबवू इच्छितो.

ज्या १९२७ साली देवनारची क्षेपणभूमी सुरू झाली व एल्टनचा ग्रंथ निघाला, त्याच साली मार्च महिन्यात महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी घेण्याचा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस खाणे सोडून देण्याचा उपदेश आपल्या बांधवांस केला, याचे स्मरण तितके राहत नाही. मेलेली गुरे ओढणे हे गावगाड्याने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांनी आता ते स्थान नाकारावे, असा त्या चळवळीचा आशय होता. गिधाडाने मृत जनावर खावे हा त्याचा देहधर्म आहे. त्यास दुसरा मार्ग नाही. मनुष्यास ते काम जन्माने नेमून देणे हा कोणत्याही निसर्गाचा नियम नव्हे. ती मनुष्यांनी केलेली व्यवस्था होय, आणि म्हणूनच ती मनुष्यास मोडता येते. पशुपक्ष्यांच्या समाजाचे शास्त्र माणसांच्या समाजास जसेच्या तसे लावणारे लेखक हा भेद विसरतात. कचरावेचकाचे काम उपयुक्त आहे एवढ्यावरून त्याचे स्थान न्याय्य ठरत नाही. मग अशा स्थानावरचा मनुष्य हलविताना त्याला विचारले पाहिजे, हे ओघानेच आले. २०१६ च्या आगीनंतर डोंगरावर जाण्यास कडक मज्जाव झाला. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो अवश्य असेल, परंतु ज्यांची रोजी त्याने गेली त्यांच्यासाठी त्याच तत्परतेने दुसरी सोय झाली, असे म्हणता येत नाही.

हा सारा विचार आज करण्यास तातडीचे कारण आहे. २०२५ साली महानगरपालिकेने देवनारचा जुना कचरा उपसून जमीन मोकळी करण्यासाठी निविदा काढली. हा कचरा सुमारे १८५ लाख टन आहे. डोंगर जावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्याच्या धुराने ज्यांची फुप्फुसे झिजली, त्यांस विचारले तर तो कालच जावयास हवा होता असे ते सांगतील. प्रश्न आहे तो क्रमाचा. अन्नाचा एवढा मोठा साठा थोडक्या वर्षांत नाहीसा झाला, तर त्यावर पोसलेली कुत्री, घुशी व उंदीर त्याच्याबरोबर नाहीसे होत नाहीत. ते जवळच्या घरांकडे वळतात, आणि जवळची घरे वेचणाऱ्यांचीच आहेत. घारी उडून जातील, बगळे म्हशींकडे परततील, पण ज्यांस पंख नाहीत त्यांचे काय, हे आधी ठरविले पाहिजे. उपशाचे काम सुरू राहील तेवढा काळ कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण, उंदरांवर व त्यांच्या पिसवांवर नजर, वस्तीतल्या कचऱ्याची रोजच्या रोज उचल, खाडीकडे झिरपणाऱ्या काळ्या पाण्यास बांध, आणि ज्यांना कचऱ्यातला प्रत्येक पदार्थ हाताने ओळखता येतो अशा वेचकांना त्याच उपशाच्या कामात रीतसर वेतनावर घेणे, या गोष्टी यंत्रे लावण्यापूर्वी व्हावयास हव्यात. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही, आणि निविदेच्या रकमेपुढे तर यांचा खर्च नगण्य ठरेल.

शहराने या खाजणात प्रत्येक वेळी एकच गोष्ट पाहिली आणि तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टी मागाहून भोगल्या. उंदीर पाहिला तेव्हा पिसू राहिली, गुराचे दुखणे पाहिले तेव्हा गिधाड गेले, नुसती भर पाहिली तेव्हा तिवर गाडला गेला. आता डोंगर पाहिला जात आहे. त्याच्या उपशाचे वेळापत्रक आखताना त्यावर व त्याखाली जगणाऱ्या सर्वांची एक यादी पालिकेने समोर ठेवावी, आणि त्या यादीत शिवाजीनगर-बैंगणवाडीच्या रहिवाशांची नावे शेवटी न लिहिता अगदी वर लिहावीत, एवढीच आमची सूचना आहे.